गुहागरला निघताना: आधी तिथी, मग रविवार

आपण पडलो सातारकर. अजिंक्यताऱ्यावर कधी जायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. डोंगर सकाळी जिथे असतो तिथेच दुपारी सापडतो. समुद्राचं तसं नाही. मागच्या खेपेला आम्ही अकराजण सुट्टी बघून गेलो, नेमकी पौर्णिमा निघाली, आणि अकराच्या सुमाराला गुहागरला उतरतो तर चालायला वाळूच शिल्लक नाही. सुरूच्या बनात बसून भाकरी खाल्ली आणि उलटे फिरलो.

म्हणून यादीतली पहिली वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. आमचं काय चुकलं ते इथेच कळतं. पंचमीला हीच भरती पहाटे पावणेचारला येते, आणि भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर धरलं तर पूर्ण ओहोटी सकाळी दहाला. आपल्याला हवं ते हेच. अर्धा तास इकडे तिकडे होतो, म्हणून मोबाइलवर वेळापत्रकही ताडून घ्या. चतुर्थी ते षष्ठी, शुद्ध किंवा वद्य, कुठलीही चालेल. फक्त वद्य चतुर्थी धरलीत तर निम्म्या मंडळींची संकष्टी असेल, मग खिचडीचा डबा वेगळा.

महिना फेब्रुवारीअखेरचा बरा. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी फुटायला पन्नासेक दिवस लागतात, त्यामुळे हिवाळ्यात घातलेल्या घरट्यांतली पिल्लं तेव्हा बाहेर यायला लागतात. वन विभागाची माणसं ती सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पिल्लं रोज निघतीलच असं नाही, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि बरोबरच्या पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर परतीच्या वाटेवर रुसवेफुगवे.

उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असं जायला साडेचार तास धरा. पहाटे साडेतीनला पोवई नाका सोडायचा. उशीर करणाऱ्याला साडेतीनच्या ऐवजी तीन सांगा.

पायात काय, यावर सगळ्यात जास्त वाद होतो. ट्रेकचे महागडे बूट घरी ठेवा, ओले झाले की दगड होतात. पण अनवाणीही नको. असगोलीच्या बाजूला खडक लागतात, त्यांना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. जुने कॅनव्हासचे बूट उत्तम, मागे पट्टा असलेली सँडल चालेल, स्लिपर अजिबात नको. पाणी माणशी तीन लिटर. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि तहान उशिरा लागते. लिंबू, मीठ, साखर, टोपी. दुर्बीण एकच असली तरी पुरे, कुरव पक्षी थव्यांनी बसलेले असतात. समुद्री गरुड दिसला तर ती पळवापळवी होईलच.

सुरुवातीला घाई करू नका. ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधोमध बारीक भोक. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेली गोळी मागे टाकतो. पाच मिनिटं स्तब्ध बसलात तर तो बाहेर येतो. कुणी खोकलं की गडप. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग समुद्रातून वर गेलेला दिसला तर तो रात्री अंडी घालायला येऊन गेलेल्या कासवाच्या मादीचा. त्यावर पाय देऊ नका, घरटं उकरून बघायचा मोह तर नकोच. हा प्राणी 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

सगळ्यात पुढे एक आणि शेपटीला एक जाणता माणूस, दोघांकडे शिट्टी. साडेअकराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, खडकाच्या पलीकडे कितीही छान दिसत असलं तरी. संध्याकाळी पिल्लं सोडताना फ्लॅश आणि बॅटरी बंद. उजेड दिसला की ती समुद्र सोडून तिकडे वळतात.

आणि ड्रायव्हरला चालायला नेऊ नका. त्याच्यासाठी सतरंजी आणि उशी आठवणीने गाडीत टाका, दुपारभर त्याला सुरूच्या सावलीत झोपू द्या. रात्री दहाला कुंभार्ली त्यालाच चढवायचा आहे.