गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सतत ठिबकत होता : माझा अनुभव

आम्ही उंच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. आमच्या २५ लिटरच्या साठवण गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह (टाकीतला दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडणारी झडप) वीज बंद असतानाही ठिबकत असे. थर्मोस्टॅट कमी केला, व्हॉल्व्ह नवा बसवला, तरी ठिबकणे थांबेना, आणि अगदी वैताग आला. एका प्लंबरने व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारायला सांगितले. हे कोणीही, कधीही करू नये. कारण थर्मोस्टॅट बिघडल्यास दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या पुढे तापूनही उकळत नाही, आणि टाकी फुटताच त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते.

शेवटी नळाला प्रेशर गेज लावला, तेव्हा पहाटे काटा ८ बारच्या (बार म्हणजे दाबाचे एकक) आसपास होता. आमचा व्हॉल्व्ह उघडतो तोही ८ बारलाच. नळाच्या वर असलेल्या पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब वाढतो, त्यात पंपाची भर.

मग प्लंबरकडून पुढील क्रमाने काम करून घेतले. गिझरचा एमसीबी बंद केला, थंड पाण्याचा कॉक बंद केला, गरम नळ उघडून दाब उतरवला. कॉक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये, बाणाची दिशा गिझरकडे ठेवून, प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (येणाऱ्या पाण्याचा दाब कमी करणारी झडप) बसवला आणि गेज पाहत ३ बारवर लावला. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्या मध्ये कॉक ठेवला नाही. त्याची निचऱ्याची नळी उतरती आणि उघडी ठेवली. गरम नळातून हवा जाऊन अखंड धार आल्यावरच वीज चालू केली.

आता पाणी तापताना थोडे थेंब पडतात. ते प्रसरणाचे आहेत आणि पडायलाच हवेत.