चिनी सरकारचा कागद कसा वाचायचा: चाकणच्या खरेदी विभागातून

चीनच्या विज्ञान-तंत्रज्ञानाबद्दलच्या बातमीचे आपल्यापर्यंत पोचेस्तोवर दोनच प्रकार उरतात. एक, चीननं जगाला मागं टाकलं. दोन, चीन आता कोसळणार. माल मागवणाऱ्या माणसाला दोन्हींचा उपयोग शून्य. मी चाकणच्या एका कारखान्यात खरेदी बघते. आम्ही इलेक्ट्रिक दुचाकींच्या मोटरी बनवतो, त्यातले चुंबक चीनमधल्या निंगबोहून येतात. बीजिंगमधल्या मंत्रालयानं शुक्रवारी काय छापलं यावर आमची सोमवारची लाइन ठरते, म्हणून मूळ कागद वाचायची सवय लावून घेतली. मला चिनी भाषा येत नाही, आणि या कामाला ती यावीच लागते असंही नाही.

कागदाची जात आधी

शासन निर्णय वाचायची सवय असलेल्या मराठी माणसाला हे काम सोपं जाईल. जीआर हातात आला की आपण आधी विभाग, क्रमांक आणि तारीख बघतो, मग ‘वाचा’ या सदरात कुठल्या जुन्या निर्णयांचा हवाला आहे ते, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. चिनी कागद तसाच वाचा.

सगळ्यात वर असतात पंचवार्षिक योजना आणि दीर्घ पल्ल्याचे आराखडे. त्यातून दिशा कळते, पण उद्या सकाळी काही बदलत नाही. त्याखाली राज्य परिषदेचे, म्हणजे तिथल्या मंत्रिमंडळाचे, मार्गदर्शक कागद. ‘मेड इन चायना २०२५’ हा असाच एक, २०१५ सालचा २८ क्रमांकाचा. त्याखाली मंत्रालयांचे नियम, याद्या आणि जाहीर सूचना. नाव जितकं भारदस्त तितका कागद आपल्या गोदामापासून लांब, हे लक्षात ठेवा. दातखिळी बसवतात त्या दोन-तीन पानी जाहीर सूचना.

मग सही कोणाची ते बघा. वाणिज्य मंत्रालयाबरोबर सीमाशुल्क प्रशासनाचं नाव असेल तर तो कागद बंदरावर तपासला जाणार, चर्चा संपली. उद्योग आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा असेल तर तो बहुधा देशातल्या कारखान्यांसाठी असतो. विज्ञान मंत्रालय ऐकायला मोठं वाटतं, पण मार्च २०२३ पासून त्याच्या डोक्यावर पक्षाचा केंद्रीय विज्ञान-तंत्रज्ञान आयोग बसलेला आहे. खरे निर्णय तिथे होतात आणि तो आयोग फारसं काही छापत नाही.

आकडा दिसला की थांबा

पंचवार्षिक योजनेत आकड्यांच्या दोन जाती असतात: बंधनकारक आणि अपेक्षित. तक्त्यात प्रत्येक आकड्यासमोर तसं लिहिलेलंच असतं, पण बातमी देणारे तो रकाना सोडून देतात. चौदाव्या योजनेत (२०२१–२५) संशोधनावरचा खर्च दरवर्षी ७ टक्क्यांहून जास्त वाढवायचा, हे अपेक्षित सदरात होतं. ऊर्जेची तीव्रता (म्हणजे उत्पन्नाच्या मानानं लागणारी ऊर्जा) १३.५ टक्क्यांनी आणि कार्बनची १८ टक्क्यांनी कमी करायची, हे बंधनकारक. बंधनकारक आकडा चुकला की स्थानिक अधिकाऱ्याच्या बढतीवर बेतू शकतं. अपेक्षित चुकला तर पुढच्या अहवालात वाक्य बदलतं.

चुकलेले आकडे आणि वेळेआधी गाठलेले आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. २००६ च्या दीर्घ आराखड्यात लिहिलं होतं की २०२० पर्यंत संशोधनाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करू. झाला साधारण २.४. (२०२४ मध्ये तो २.६८ वर गेला. आपला ०.६४ च्या आसपास घुटमळतोय, हे सांगायला मला काही आनंद होत नाही.) वाहनांचं उलटं झालं. २०२० च्या आराखड्यात २०२५ पर्यंत नव्या गाड्यांच्या विक्रीत २० टक्के नव्या ऊर्जेच्या (म्हणजे बॅटरीवरच्या, प्लग-इन हायब्रिड आणि फ्युएल सेलच्या) असाव्यात असं होतं. २०२२ मध्येच ते प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं. ‘मेड इन चायना २०२५’ मध्ये कळीच्या सुट्या भागांत आणि मूलभूत साहित्यात ७० टक्के स्वावलंबनाची भाषा होती. प्रगत चिप्समध्ये ते जमलेलं नाही.

माझा आडाखा असा: गिऱ्हाईक देशातलं, कच्चा माल देशातला आणि यंत्रंही बहुतेक देशातली असली की चीन आकडा लवकर गाठतो. वाटेत एखादं यंत्र जगात एकच कंपनी बनवत असेल तर कितीही पैसा ओता, अडतं. सर्वांत बारीक चिप्स छापणारी ईयूव्ही यंत्रं फक्त नेदरलँडची एएसएमएल बनवते आणि चीनला ती मिळालेली नाहीत. म्हणून कुठलाही चिनी आकडा वाचताना मी तीन प्रश्न विचारते. माल कोण घेणार? खनिज कुठलं? यंत्र कोणाचं?

धागा मागे ओढा

हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. हाती आलेला कागद एकटा वाचू नका. त्याच विषयावरचा आधीचा कागद शोधा, मग त्याच्या आधीचा.

इलेक्ट्रिक गाड्यांचा धागा ओढला तर तो १९८६ पर्यंत जातो. त्या मार्चमध्ये चार ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी तेव्हाचे सर्वोच्च नेते डंग श्याओफिंग यांना पत्र लिहिलं की प्रगत तंत्रज्ञानात मागं पडू नका. वर्ष ८६, महिना तिसरा, म्हणून त्यातून निघालेल्या कार्यक्रमाचं नाव ८६३. आउडीत नोकरी करणारे वान गांग २००० च्या सुमारास जर्मनीहून परतले आणि त्याच ८६३ मधल्या विद्युत वाहन प्रकल्पाचे प्रमुख झाले. २००१ चा आराखडा बघण्यासारखा आहे: गाड्यांचे तीन प्रकार उभे (हायब्रिड, बॅटरीवरची, फ्युएल सेलची) आणि तंत्रं तीन आडवी (नियंत्रण, मोटर, बॅटरी). कुठला प्रकार जिंकेल हे न ठरवता तिन्हींना लागणाऱ्या गोष्टींवर पैसा लावला. २००७ मध्ये वान गांग विज्ञानमंत्री झाले, तेही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नसताना. २००९ मध्ये ‘दहा शहरं, हजार गाड्या’ ही योजना आली, मग वर्षानुवर्षं अनुदान, आणि २०२२ च्या अखेरीस केंद्राचं खरेदी अनुदान बंद. ज्यांनी फक्त अनुदानाची बातमी वाचली त्यांना वाटलं सगळं पैशाच्या जोरावर चाललंय, अनुदान थांबलं की गाड्या थांबतील. २०२४ मध्ये तिथल्या कारखान्यांच्या अशा १ कोटी २८ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या, निर्यात धरून.

आता आमचा चुंबक. नियोडिमियम-लोह-बोरॉनचा चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमोत आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये स्वतंत्रपणे सापडला. पण नियोडिमियम ज्या गटातलं, ती रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करायचं किचकट रसायनशास्त्र पेकिंग विद्यापीठात श्यू ग्वांगश्यान १९७२ पासून सोडवत बसले होते. १९९५ मध्ये जनरल मोटर्सनं आपली मॅग्नेक्वेंच ही चुंबक कंपनी ज्या गटाला विकली त्यात चिनी कंपन्या होत्या. पुढे अमेरिकेतलं उत्पादन उठून चीनला गेलं. २०१० मध्ये सेन्काकू बेटांच्या वादात जपानला जाणारा रेअर अर्थचा माल अडला. २०१४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत चीन निर्यात कोट्याचा खटला हरला आणि पुढच्या वर्षी कोटे गेले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. पण मग २०२० च्या डिसेंबरपासून निर्यात नियंत्रण कायदा लागू झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये गॅलियम आणि जर्मेनियम निर्यात परवान्याखाली, डिसेंबरमध्ये ग्रॅफाइट. त्याच डिसेंबरात रेअर अर्थचे चुंबक बनवण्याचं तंत्रज्ञान निर्यातबंदीच्या यादीत गेलं. तंत्रज्ञान आधी, मग माल: हा क्रम ज्याला दिसला त्यानं २०२४ मध्येच साठा वाढवायला घेतला.

जाहीर सूचना कशी फोडायची

४ एप्रिल २०२५ ची वाणिज्य मंत्रालय आणि सीमाशुल्काची १८ क्रमांकाची सूचना नमुना म्हणून घ्या. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम ही सात मूलद्रव्यं परवान्याखाली आली. बातम्यांत आलं, ‘चीननं रेअर अर्थ रोखले’. मूळ सूचनेत मात्र नियोडिमियम आणि प्रासिओडिमियम ही नावं नव्हती. नियोडिमियमचा चुंबक अडत होता तो त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळलेलं असेल तर. ही दोन मिसळतात ती मोटर तापली तरी चुंबकाचा जोर उतरू नये म्हणून. म्हणजे प्रश्न खरेदीचा राहिला नाही, डिझाइनवाल्यांकडे गेला: आपली मोटर किती तापते, आणि डिस्प्रोशियम नसलेली ग्रेड चालेल का? यादीत काय आहे ते सगळेच वाचतात. काय नाही ते वाचायला बसा, काम तिथे मिळतं.

मूलद्रव्यांच्या नावांत भाषांतर यंत्र गोंधळ घालेल अशी धास्ती वाटली तर सीमाशुल्क क्रमांकाकडे बघा. आकड्यांचं भाषांतर होत नाही. चीनचा क्रमांक दहा अंकी, आपला आठ अंकी, पण पहिले सहा अंक जगभर सारखे. धातूचे कायमचुंबक ८५०५११. हे सहा अंक आपल्या बिल ऑफ एंट्रीवर (आयातीच्या सीमाशुल्क कागदावर) शोधा आणि सूचनेशी ताडून बघा.

मग अंमलाची तारीख. गॅलियमची सूचना ३ जुलैला निघाली, लागू झाली १ ऑगस्टला. ग्रॅफाइटला ऑक्टोबर ते डिसेंबर असा महिन्याहून जास्त वेळ मिळाला. २०२४ मध्ये अँटिमनीला एक महिना. दुहेरी (नागरी आणि लष्करी) वापराच्या वस्तूंची नवी नियमावली १ डिसेंबर २०२४ ला लागू झाली, त्यानंतर फेब्रुवारी २०२५ ची टंगस्टनची सूचना आणि एप्रिलची आमची, दोन्ही निघाल्या त्याच दिवशी लागू. वाटेतला माल गाठायची मुभा संपली. म्हणून साठ्याचं गणित सूचना निघाल्यावर मांडायचं नाही. आराखडे वाचतानाच मांडायचं.

परवान्याच्या तपासणीला नियमावलीत ४५ कामाचे दिवस आहेत. कामाचे, म्हणजे ऑक्टोबरची आठवडाभराची सुट्टी आणि चिनी नववर्ष त्यात धरलेलं नाही. अर्ज विक्रेत्यानं करायचा असतो. अंतिम वापर काय, हे आपण लिहून द्यायचं. तिथे ‘औद्योगिक वापर’ असं मोघम लिहू नका. कुठली मोटर, कुठलं वाहन, कोण गिऱ्हाईक, हे स्पष्ट लिहा. २०२५ च्या जुलैत राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं की ऑगस्ट हा त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक गाड्यांच्या शून्य उत्पादनाचा महिना ठरू शकतो. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आमच्यासारख्या पुरवठादारांनी कागदात मोघमपणा ठेवायचा म्हणजे हद्द झाली.

आणि ‘स्थगित’ म्हणजे ‘रद्द’ नव्हे. ९ ऑक्टोबर २०२५ ला आणखी पाच मूलद्रव्यं आणि कडक अटी आल्या, नोव्हेंबरमध्ये त्या १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत थांबवल्या. एप्रिलच्या सूचनेला त्या स्थगितीनं हात लावला नाही. ‘चीन नरमला’ असा मथळा वाचून आमच्याकडेही काहींनी पेढ्यांची भाषा सुरू केली होती.

पैसा कोणाचा

चिप्सबद्दल वाचताना ‘मोठ्या फंडाचं’, म्हणजे चिप उद्योगासाठीच्या सरकारी गुंतवणूक निधीचं, नाव येईल: २०१४ मध्ये १३८.७ अब्ज युआन, २०१९ मध्ये २०४ अब्ज, २०२४ मध्ये ३४४ अब्ज. आकड्यानं दिपू नका, जागा बघा. वूहानमध्ये एचएसएमसी नावाचा १२८ अब्ज युआनचा चिप प्रकल्प गाजत होता. समारंभ करून आणलेलं एएसएमएलचं यंत्र लगेच बँकेकडे गहाण पडलं आणि प्रकल्प बसला. उलट हफेई शहरानं २००८ मध्ये बीओईच्या डिस्प्ले कारखान्यात आणि २०२० मध्ये अडचणीतल्या निओ या वाहन कंपनीत पैसा घातला, दोन्ही फळले. चीनमध्ये केंद्र दिशा देतं, शहरं जुगार खेळतात. तुमचा पुरवठादार ज्या शहरात आहे त्या शहराची कुवत किती, हेही पुरवठादाराच्या फाइलीत असू द्या.

साधनं आणि वेळापत्रक

राज्य परिषदेच्या संकेतस्थळावर धोरणांचं खुलं भांडार आहे. निर्यातीच्या सूचना वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर निघतात. महत्त्वाच्या कागदांची इंग्रजी भाषांतरं अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं सीसेट हे संशोधन केंद्र आणि स्टॅनफर्डचं डिजिचायना करतात, पण ती यायला वेळ लागतो. घाई असेल तर दोन वेगवेगळ्या भाषांतर यंत्रांतून मजकूर काढा आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तेवढ्याच ओळी जाणकाराकडे पाठवा, पैसेही वाचतात.

मार्चच्या सुरुवातीला पंतप्रधानांचा कामकाज अहवाल, ऑक्टोबरच्या आसपास पक्षाची बैठक, डिसेंबरमध्ये आर्थिक परिषद. एखादा शब्दप्रयोग एका वर्षी असतो आणि दुसऱ्या वर्षी गायब होतो. २०१९ च्या अहवालात ‘मेड इन चायना २०२५’ हे नाव नव्हतं, अमेरिका त्यावरून चिडली होती. नाव गेलं, क्षेत्रं तीच राहिली. २०२६–३० च्या पंधराव्या योजनेकडे बघताना नव्या घोषणांपेक्षा जुन्या क्षेत्रांची यादी लावून बघा. हरकतींसाठी काढलेले मसुदेही सोडू नका, तिथे काही आठवडे हातात मिळतात.

पुरवठादाराशी बोलताना ‘तुमचं सरकार पुढे काय करणार’ असं विचारू नका. त्या माणसाला माहीत नसतं, आणि असलं तरी तो लिहून देणार नाही. अर्ज कुठल्या तारखेला दिला, प्रांताच्या वाणिज्य कार्यालयातून पुढे गेला का, आणखी कुठला कागद मागितला, एवढंच विचारा. वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, त्यामुळे हे सगळं ईमेलवर होतं, आणि ते बरंच आहे, कारण तारखा लेखी राहतात. मूळ चिनी पानाची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ईमेलच्या शेजारी ठेवा. ऑडिटर मागतो तेव्हा तीच लागते.