सोलापुरात सामूहिक बाग उन्हाळ्यातही टिकवायची कशी? स्थानिक सोबती जोडण्याच्या पायऱ्या

सोलापुरात सामूहिक बाग सुरू करणे अवघड नाही. मृगाचा पाऊस पडला की वीस-पंचवीस माणसे खुरपी घेऊन जमतात आणि दिवाळीपर्यंत बाग हिरवीगार दिसते. कसोटी लागते ती होळीनंतर. वर्षाला सरासरी साधारण 550 मिलिमीटर पाऊस, मे महिन्यात 40 अंशांच्या वर जाणारा पारा आणि काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी, अशा गावात नुसत्या हौसेवर बाग उन्हाळा काढत नाही. तिला परिसरातील शाळा, देवस्थाने, दुकानदार आणि शेतकरी यांची साथ लागते.

आमच्या गटाची पहिली बाग पाण्यावाचून गेली. शेजारच्या एका मंगल कार्यालयाने विहिरीचे पाणी देण्याचे तोंडी कबूल केले होते आणि फेब्रुवारीपर्यंत ते मनापासून दिलेही. एप्रिलमध्ये लग्नसराई सुरू झाली, त्यांनाच टँकर मागवावे लागू लागले, आणि एके दिवशी सकाळी आमची नळी गुंडाळून फाटकाबाहेर ठेवलेली दिसली. त्यांचे वर्ष कसे चालते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. म्हणून कोणाकडेही मदत मागण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: बागेला ज्या महिन्यात गरज आहे, त्याच महिन्यात या सोबत्याला ती भागवणे परवडते का?

पहिली पायरी: बागेचे वर्ष कागदावर मांडा

एका मोठ्या कागदावर बारा महिने लिहावेत आणि प्रत्येक महिन्यापुढे बागेला काय लागते ते नोंदवावे: जून-जुलैत खड्डे खणायला हात, ऑक्टोबरमध्ये खत, फेब्रुवारीत आच्छादन, मार्च ते मे पाणी. त्याखाली परिसरातील संस्थांची यादी करून त्यांची गर्दीची आणि सवडीची वेळ लिहावी. हे काम एका बैठकीत होते आणि निम्म्या चुका तिथेच टळतात.

दुसरी पायरी: आधी पाण्याचे सोबती शोधा

प्रथम गरज मोजावी. 30 चौरस मीटर वाफ्यांना भर उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज 5 ते 6 लिटर पाणी धरले, तर दिवसाला 150 ते 180 लिटर लागते. म्हणजे नळाला पाच दिवसांनी पाणी येत असेल, तर 1,000 लिटरची टाकी हवीच. हा आकडा हाताशी असला की समोरच्या व्यक्तीलाही आपण नेमके काय मागतो आहोत ते कळते.

आमच्या अनुभवात सर्वांत उपयोगी सोबती ठरला तो पाण्याचे जार विकणारा. त्याचा व्यवसाय उन्हाळ्यातच सर्वाधिक चालतो आणि शुद्धीकरणातून उरलेले क्षारयुक्त पाणी एरवी गटारातच जाते. मात्र हे पाणी जसेच्या तसे भाजीच्या वाफ्यात सोडू नये. काळ्या चिकण जमिनीत क्षार साचत जातात, वर पांढरी खपली धरते आणि मेथी-शेपूची पाने कडेने करपू लागतात. म्हणून आधी पाण्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, त्यात निदान तेवढेच गोडे पाणी मिसळावे आणि शक्यतो ते चिंच, बोर, कडुनिंब अशा काटक झाडांनाच द्यावे. सूत रंगवण्याच्या कारखान्यातील सांडपाणी मात्र कितीही फुकट मिळाले तरी बागेत घेऊ नये.

शाळेचे छप्पर हाही मोठा ठेवा आहे. 100 चौरस मीटर छपरावरून वर्षाकाठी सुमारे 40,000 लिटर पावसाचे पाणी मिळू शकते. ते सगळे साठवता येत नाही. पण गाळून शाळेच्या बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडले, तर शाळेचाही फायदा होतो आणि उन्हाळ्यात त्याच बोअरचे थोडे पाणी मागताना संकोच वाटत नाही.

तिसरी पायरी: जागेची परवानगी लेखी घ्या

महापालिकेच्या मोकळ्या जागेसाठी उद्यान विभागाकडे अर्ज करून पोच घ्यावी, गृहनिर्माण संस्थेच्या जागेसाठी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा आणि शाळेच्या जागेसाठी संस्थाचालकांची सही घ्यावी. मुख्याध्यापक बदलून जातात आणि त्यांच्याबरोबर तोंडी शब्दही जातो. परवानगी किमान तीन वर्षांची असावी.

चौथी पायरी: खत आणि आच्छादन हंगामाप्रमाणे मिळवा

जिल्ह्यात ऊसतोड साधारण नोव्हेंबर ते मार्च चालते आणि शेतात उरलेले पाचट पुष्कळदा पेटवून दिले जाते. शहराजवळच्या एखाद्या शेतकऱ्याला आधी सांगून ठेवले, तर तो ते आनंदाने देतो. वाहून आणण्याची जबाबदारी आपली. फेब्रुवारीअखेर वाफ्यांवर तीन-चार इंच जाडीचा थर पसरला की माती लवकर सुकत नाही.

श्रावणात देवळांतून निर्माल्य भरपूर मिळते. त्यातील दोरे, जरी आणि प्लास्टिक काढून टाकण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये. एक भाग निर्माल्य किंवा मंडईतील भाजीपाल्याचा कचरा, दोन भाग वाळका पालापाचोळा, आठवड्यातून एकदा खालीवर आणि बेताचा ओलावा, असे केल्यास अडीच-तीन महिन्यांत, म्हणजे नेमके हिवाळी भाज्यांच्या वेळेस, खत हाती येते.

पाचवी पायरी: माणसांची विभागणी करा

राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास सेवाकार्य करायचे असते, त्यामुळे महाविद्यालये असा उपक्रम शोधतच असतात. त्यांना पावसाळ्यातील खड्डे आणि हिवाळ्यातील वाफे द्यावेत. उन्हाळ्यातील पाणी त्यांच्यावर कधीही सोपवू नये, कारण तेव्हा परीक्षा आणि सुट्ट्या असतात. ते काम सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांनी आणि शेजारच्या घरांनी दोघादोघांच्या जोडीने आठवडा वाटून घ्यावे, आणि टाकीची किल्ली कोणाकडे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असावे. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस तर मोकळेच सोडावेत.

शहराच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू भाषकांच्या वस्तीत काम असेल, तर कोणती भाजी लावायची हे तेथील बचत गटाच्या महिलांनाच ठरवू द्यावे. तेलुगू भाषक घरांत अंबाडीला जो मान आहे, तो आपण निवडून आणलेल्या परदेशी भाजीला मिळत नाही. आणि जी भाजी घरात शिजते, तिला पाणी घालायला माणूस आपणहून येतो.

सहावी पायरी: पैसा शेवटी, आणि शक्यतो वस्तूरूपाने

मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या मागे लहान गटाने सुरुवातीलाच धावू नये. त्या निधीसाठी नोंदणीकृत संस्था आणि मागील काही वर्षांच्या कामाची नोंद लागते. त्यापेक्षा औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराकडे एक टाकी मागावी, कृषी साहित्याच्या दुकानदाराकडे ठिबकची नळी मागावी. रोख रक्कम आलीच, तर पावती द्यावी आणि दोघांच्या सहीशिवाय खर्च करू नये. सोसायटी नोंदणी कायदा 1860 नुसार नोंदणीला किमान सात सभासद लागतात. हे पाऊल बागेने दोन उन्हाळे काढल्यावर उचलले तरी चालते.

सातवी पायरी: प्रत्येकाशी अर्ध्या पानाचे पत्र करा

पत्र साधे असावे. उदाहरणार्थ: “मार्च ते जूनअखेर आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी 200 लिटर पाणी आपण द्याल. नळी, जोडणी आणि स्वच्छता आमच्याकडे. पाणी थांबवावे लागल्यास पंधरा दिवस आधी कळवाल. आम्ही आपल्या दुकानासमोरील चार झाडे वर्षभर सांभाळू.” शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. शाळेला पोषण आहारासाठी पालेभाजी, देवस्थानाला झेंडूची फुले, शेतकऱ्याला बागेच्या गल्लीतील ग्राहक, असे प्रत्येकाला त्याच्या उपयोगाचे काहीतरी परत जायला हवे.

दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर सर्व सोबत्यांना बागेतच बोलवावे, पत्रे पुन्हा वाचावीत आणि सर्वांसमोर नळ उघडून 20 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजावे. मागील वर्षापेक्षा धार बारीक झाली असेल, तर दुसरा सोबती शोधायला अजून महिनाभर हाताशी असतो.