वायबीसीओची पहिली गोळी

माझ्याकडे पीएच.डी.ला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वायबीसीओ करायला लावते. १९८७ साली सापडलेला हा यिट्रियम, बेरियम, तांबं यांचा ऑक्साइड सुमारे ९२ केल्विनला (उणे १८१ अंश सेल्सिअस) अतिसंवाहक होतो, म्हणजे त्यातून वीज विनारोध वाहते; थंड करायला द्रव नायट्रोजनवर भागतं. आणि कच्चा हात तो लपू देत नाही.

यिट्रियम ऑक्साइड १.१२९ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ३.९४७, कॉपर ऑक्साइड २.३८७. पहिला हवेतली ओल धरतो, म्हणून भट्टीत तापवून मगच तोला. दुसरा विषारी आहे. मास्क आणि हातमोजे हवेतच.

आता अगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात तिन्ही पुडी एकत्र घोटा. निदान अर्धा तास, मनगट भरून येईपर्यंत. मी इथेच कंटाळले होते. भट्टीतून गोळी काढली तर काळ्यावर हिरवे ठिपके! यिट्रियम, बेरियम, तांबं यांचं २:१:१ प्रमाणातलं ते हिरवं संयुग, म्हणजे पुडी नीट मिसळलीच नव्हती. तेव्हापासून मी आधी रंग बघते, संयुग ओळखायची एक्स-रे चाचणी नंतर.

९३० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजा, घोटा, परत भाजा. गोळी दाबून पक्की भाजलीत की शेवटी ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंशांना रात्रभर ठेवा. ही रात्र चुकवू नका. ऑक्सिजन कमी पडला तर गोळी नायट्रोजनमध्ये अतिसंवाहक होत नाही आणि तिच्यावर चुंबक तरंगत नाही.

बिघडलेल्या गोळ्या तारीख घालून डबीत ठेवा. गाइडकडे जाताना त्याच आधी न्या.