व्हिस्लरचं व्हेनिस पाहताना या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन चित्रकार व्हिस्लर याची व्हेनिसची एचिंग्ज (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून, त्यांत शाई भरून काढलेले छाप) वर्गात दाखवायला घेतली की कुणीतरी लगेच मोबाइल काढतंच. जागेचा फोटो शोधायचा आणि चित्राशी ताडून बघायचा. एकदा नुकताच व्हेनिसहून आलेला एक मुलगा 'द रीवा' हे किनाऱ्याचं चित्र पाहून ठामपणे म्हणाला, "सर, याची दिशाच चुकलीय. माझ्या फोटोत पाणी डावीकडे आहे." सगळा वर्ग त्याच्या फोटोवर वाकला आणि तास संपेपर्यंत चित्र टेबलावर तसंच पडून राहिलं. व्हिस्लर समोरचं दृश्य थेट तांब्याच्या प्लेटवर सुईने काढायचा. छापताना प्रतिमा उलटते. ती सुलट यावी म्हणून कितीतरी जण आधीच उलटं काढतात. त्याने ती तसदी घेतली नाही. जागा ओळखायचीच असेल तर मी फोटो एकदा उलटवून दाखवतो आणि मोबाइल पिशवीत टाकायला लावतो.

"ही प्रत काळपट आहे, म्हणजे खराब छापलीय." हे ऐकलं की मला खरंच राग येतो. 'नॉक्टर्न: पॅलेसेस' घ्या. अरुंद कालवा, जुन्या भिंती, एक दिवा. रेघा मोजक्याच आहेत, रात्र आहे ती शाईत. प्लेट लख्ख न पुसता त्याने शाईचा पातळ थर मुद्दाम राहू दिला, आणि प्रत्येक छापाला वेगळा. त्यामुळे एका प्रतीत संध्याकाळ असते, दुसरीत मध्यरात्र. कुठली 'बरोबर' हे विचारूच नका. मी आधी दिव्याभोवती शाई किती पुसलीय ते पाहतो, मग नजर भिंतीवरून पाण्यात उतरू देतो. दोन मिनिटांत पाहून झालं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीने त्याला 1879 मध्ये 12 प्लेट्ससाठी तीन महिन्यांकरता पाठवलं होतं. तो 14 महिने राहिला आणि 50 च्या आसपास प्लेट्स घेऊन परतला.

समास नाही म्हणून प्रत कापलेली, सदोष समजू नका. बऱ्याच प्रतींचा कागद त्याने स्वतःच चित्राच्या कडेला लागून कापला. खाली एक चिमुकली पट्टी तेवढी ठेवली, फुलपाखराच्या आकाराच्या आपल्या सहीसाठी.

कागद पिवळट दिसला तर ब्लीचचं नाव काढू नका. तो जुन्या वह्या-पुस्तकांतले कोरे कागद मुद्दाम शोधून वापरायचा.

आणि फ्रेम खिडकीसमोर टांगू नका. उन्हाने कागद खराब होतो, शिवाय काचेत खिडकीच दिसत राहते.