कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हरचे रूप आणि कामगिरी कशी सुधारावी

चार मीटरच्या आत बसणाऱ्या क्रॉसओव्हर गाड्या आज मराठी घरांतील पहिली किंवा दुसरी गाडी म्हणून मोठ्या प्रमाणावर घेतल्या जातात. गाडी घरी आली की महिन्याभरात तिला अलॉय (मिश्रधातूची चाके), लाइट, रॅप (रंगीत चिकट फिल्मचे आवरण), सीट कव्हर असे काहीतरी बसवण्याचा विचार सुरू होतो. हा विचार योग्यच आहे, कारण गाडी आपल्या वापराला आणि आवडीला साजेशी असावी असे वाटण्यात काही गैर नाही. मात्र कोणता बदल आधी करावा, कोणता नंतर आणि कोणता मुळीच करू नये, हे दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी ठरलेले असावे. या लेखात उदाहरणासाठी नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्रा एक्सयूव्ही 3एक्सओ ही 3,990 मिलिमीटर लांबीची गाडी घेतली आहे. येथे सांगितलेला क्रम नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट किंवा ब्रेझा यांनाही लागू पडतो.

पहिली पायरी : कागद वाचणे

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, आर.सी.वर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम 182अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीचा रंग आर.सी.वर नोंदलेला असतो, म्हणून संपूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचे रॅप करायचे असेल तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी आणि नवा रंग नोंदवून घ्यावा. पुढे लावायच्या लोखंडी बुल बारचा विषय तर येथेच संपवावा : 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करण्यास कळवले आहे. अशा दांड्यामुळे धडकेचा आघात गाडीच्या रचनेपर्यंत आणि एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत अपेक्षेप्रमाणे पोहोचत नाही, आणि पादचाऱ्याला होणारी इजा वाढते.

कायद्यानंतर वॉरंटीची पुस्तिका वाचावी. त्यानंतर आपल्या मॉडेलच्या सर्व व्हेरिएंटची, म्हणजे कमी-अधिक सोयींच्या आवृत्त्यांची, माहितीपत्रके समोर ठेवावीत, कारण आपल्याच गाडीचे वरचे व्हेरिएंट हा बदलांचा सर्वांत भरवशाचा नकाशा असतो. तेथे दिसणारे टायर, फॉग लॅम्प, रूफ रेल किंवा आर्मरेस्ट उत्पादकाने याच सांगाड्यावर तपासलेले असतात. खालचे व्हेरिएंट घेऊन निवडक गोष्टी नंतर बसवणाऱ्याने आपली यादी याच नकाशातून काढावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी पायरी : टायर आणि अलॉय

खर्चाचा पहिला रुपया टायरवर जावा. पिकअप, ब्रेक, वळणावरची पकड, आवाज आणि मायलेज या पाचही गोष्टी रस्त्याला टेकलेल्या त्या चार छोट्या पट्ट्यांवर ठरतात. 3एक्सओच्या खालच्या व्हेरिएंटना 205/65 आर 16 आणि वरच्यांना 215/55 आर 17 हे टायर मिळतात. पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते प्रमाण, आणि शेवटचा म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. हिशेब केला तर पहिल्या टायरचा एकूण व्यास सुमारे 673 मिलिमीटर आणि दुसऱ्याचा सुमारे 668 मिलिमीटर भरतो. फरक एका टक्क्याहूनही कमी असल्यामुळे स्पीडोमीटर, गिअरिंग आणि एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचे गणित बिघडत नाही.

आता केवळ चाक भरल्यासारखे दिसावे म्हणून 225/60 आर 17 घेतला, तर व्यास सुमारे 702 मिलिमीटर होतो, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढतो. मग काटा 100 दाखवत असताना गाडी त्याच प्रमाणात अधिक वेगाने धावू लागते, चाकापर्यंत पोहोचणारा जोर घटल्याने चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता निर्माण होते. व्यासातील फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवणे हा सर्वमान्य दंडक आहे आणि तो मोडू नये.

सतरा इंची चाक गाडीला निश्चितच शोभते, पण 205/65 ची भिंत सुमारे 133 मिलिमीटर उंच असते, तर 215/55 ची केवळ 118 मिलिमीटर. खड्ड्यात आपटल्यावर रिम वाचवणारी हीच रबराची उंची असते. ज्यांचा प्रवास मुख्यतः पावसाळ्यातील कोकणात किंवा तालुक्याच्या रस्त्यांवर होतो, त्यांनी सोळा इंचांवरच राहून चांगले अलॉय घ्यावेत. शहर आणि द्रुतगती मार्ग यांपुरती गाडी असेल तर सतरा इंचांचा विचार करायला हरकत नाही.

अलॉय निवडताना नटांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी, मधल्या छिद्राचा व्यास, रिमची रुंदी आणि ऑफसेट (चाक बसवण्याचा पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर) ही चारही मापे मूळ चाकाशी जुळवून घ्यावीत. ऑफसेट चुकला की चाक फेंडरच्या बाहेर येते, चिखल दारांवर उडतो आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. टायरच्या बाजूवर असलेला भारनिर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नसावा. 94 म्हणजे एका टायरला 670 किलो आणि 95 म्हणजे 690 किलो. तेथेच निर्मितीची तारीखही असते : शेवटचे चार अंक 2325 असतील तर तो टायर 2025 च्या तेविसाव्या आठवड्यातील आहे. बसवून झाल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे, नट एअर गनने न आवळता टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतील मापाला आवळून घ्यावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासावेत.

तिसरी पायरी : ब्रेक आणि इंजिन

ताकद वाढवण्याआधी थांबण्याची सोय पाहावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट 4 या प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा मुरल्यावर तो 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. भरलेली गाडी आंबा किंवा कुंभार्ली घाटातून सतत ब्रेकवर उतरवली की हा फरक पायाखाली जाणवतो. दर दोन वर्षांनी द्रव बदलणे आणि चांगल्या प्रतीचे पॅड बसवणे हा कामगिरीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त बदल आहे.

इंजिनाचे रिमॅपिंग, म्हणजे संगणकातील प्रोग्रॅम बदलून टर्बोचा (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब आणि इंधनाचे प्रमाण वाढवणे, हा प्रकार तरुण मालकांना फार खुणावतो. टर्बो इंजिनात त्याने ताकद खरोखर वाढते. परंतु दुकानदार जेव्हा ‘वरच्या व्हेरिएंटचेच इंजिन आहे, कंपनीने फक्त दाबून ठेवले आहे’ असे सांगतो, तेव्हा तपशील तपासावा. 3एक्सओमध्ये 1.2 लिटर टर्बो पेट्रोलचे दोन प्रकार आहेत, एक 200 न्यूटन मीटर टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) आणि दुसरा 230 न्यूटन मीटरचा. दुसऱ्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, म्हणजे फरक केवळ प्रोग्रॅमचा नसून यंत्रभागांचाही आहे. वाढलेला जोर क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो यांनाच सोसावा लागतो, वॉरंटी धोक्यात येते आणि उत्सर्जनाच्या मानकांचा प्रश्न उभा राहतो. म्हणून वॉरंटी असेपर्यंत रिमॅपच्या वाटेला जाऊ नये. सायलेन्सर कापणे किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) काढणे हे तर वॉरंटीनंतरही करू नये. त्याने शेजाऱ्यांची झोप जाते आणि हवेत विष जाते. स्वच्छ एअर फिल्टर, योग्य ग्रेडचे ऑइल, टायरमधील बरोबर हवा आणि डिकीतील अनावश्यक वजन उतरवणे यांनी गाडी लक्षात येण्याइतकी मोकळी धावते.

चौथी पायरी : दिवे

हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला पांढरा एलईडी बल्ब खुपसला की प्रकाश नेमका पडत नाही. तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि पावसात आपल्यालाही रस्ता दिसेनासा होतो. त्याऐवजी मूळ वॅटचाच उत्तम प्रतीचा बल्ब घालून दिव्यांची दिशा मोजमापाने लावून घ्यावी. वरच्या व्हेरिएंटमध्ये फॉग लॅम्प असतील तर तेच मागवावेत, कारण बंपरमधील जागा आणि बऱ्याचदा वायरिंगचे कपलरही तयार असतात. कोणतेही विद्युत काम करताना मूळ वायर सोलू किंवा कापू देऊ नये. स्वतंत्र रिले (विजेवर चालणारा स्विच), फ्यूज आणि कपलर (वायर जोडणारा सॉकेट) यांचाच आग्रह धरावा. आजच्या गाड्यांतील अनेक आगींचे मूळ अशा जोडकामात सापडते.

पाचवी पायरी : बाह्यरूप आणि आतली सजावट

रंगाचे रक्षण करायचे असेल तर बॉनेट, बंपर आणि दारांच्या कडा एवढ्यांनाच पारदर्शक पीपीएफ (रंग वाचवणारी प्लास्टिकची फिल्म) लावली तरी खडीपासून पुरेसा बचाव होतो, आणि उरलेल्या पृष्ठभागाला सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा पातळ, कडक संरक्षक थर) पुरते. काळे छत हवे असेल तर आपल्या मॉडेलमध्ये दुरंगी पर्याय आहे का ते आधी पाहावे. काचांवर काळी फिल्म लावू नये. पुढच्या-मागच्या काचांतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जाणे नियमाने आवश्यक आहे.

आत शिरल्यावर सर्वाधिक काळजी सीट कव्हरची घ्यावी. 3एक्सओमध्ये सहा एअरबॅग मिळतात आणि समोरच्या प्रवाशांच्या बाजूच्या एअरबॅग सीटच्या कडेतूनच उघडतात. त्या बाजूची शिवण फाटेल अशा रीतीने बनवलेलेच कव्हर घ्यावे, अन्यथा जीव वाचवणारी पिशवी घट्ट रेक्झिनखाली अडकून पडेल. पूर्ण जमीन झाकणाऱ्या जाड सेव्हन-डी मॅट दिसायला भरगच्च असतात, पण पावसाळ्यात त्यांच्याखाली शिरलेले पाणी आठवडेच्या आठवडे सुकत नाही, कुबट वास येतो आणि पत्र्याला गंज धरतो. काढून धुता येणाऱ्या रबरी मॅट आपल्या हवेला अधिक योग्य आहेत, आणि चालकाच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट कधीही ठेवू नयेत.

शेवटची पायरी : नोंदी

बसवलेल्या प्रत्येक वस्तूचे जीएसटी बिल जपून ठेवावे. बाहेरून घेतलेले अलॉय, म्युझिक सिस्टिम किंवा दिवे विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत चढवून घ्यावेत, कारण न कळवलेल्या वस्तूची भरपाई अपघातानंतर मागता येत नाही. काढलेली मूळ चाके, बल्ब आणि स्टिरिओ विकून टाकू नयेत. पुसून, खोक्यात भरून, गाडीचा क्रमांक लिहून ते माळ्यावर ठेवावेत, म्हणजे वॉरंटीच्या कामासाठी किंवा गाडी विकताना ती पूर्ववत करणे एका दुपारचे काम उरते.