कोठडीतील मारहाण सिद्ध झाली म्हणजे सुटका होतेच असे नाही: निर्दोष कैद्यासाठी लढताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाच्या आवारात एक वृद्ध आई भेटल्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत त्यांनी मंत्र्यांना दिलेली निवेदने, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि मुलाचा शाळेतला फोटो जपून ठेवला होता; ज्या निकालाने मुलाला जन्मठेप झाली, त्याची प्रत मात्र पिशवीत नव्हती. पोलिसांचा मार खाऊन खोट्या गुन्ह्यात अडकलेल्या माणसासाठी धडपडणाऱ्या कुटुंबांची पहिली चूक बहुधा हीच असते.

कारावासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत मिळते. ती हाती आली की दोष नेमका कोणत्या पुराव्यावर टिकला आहे, हे आधी शोधावे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही, हे जुन्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. परंतु त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य धरला जातो. ही कबुली ज्या कागदावर नोंदवली जाते, त्याला आपल्याकडे मध्य प्रदेशात सगळे ‘मेमोरेंडम’ म्हणतात. ‘पोराला मारून कबूल करायला लावले’ एवढेच सांगत राहिलो आणि मेमोरेंडम व जप्तीबद्दल एकही प्रश्न उपस्थित केला नाही, तर मारहाण मान्य होऊनही शिक्षा कायम राहू शकते. जप्तीचे पंच कोण होते, ते दुसऱ्या खटल्यांतही पोलिसांचेच पंच होते का, वस्तू कोणालाही सहज दिसेल अशा जागी पडली होती का, अटक पंचनाम्यावरची वेळ आणि रोजनामचा सान्ह्यातली (ठाण्याच्या दैनंदिन नोंदवहीतली) नोंद जुळते का, हे वकिलांबरोबर बसून ओळीओळीने पाहावे. काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते सुटकेची वाट इथूनच निघते.

वैद्यकीय कागदांबाबतची हयगय तर भरूनच निघत नाही, कारण वळ विरतात. अटकेनंतर तपासणी होते, १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार कोठडीत दर ४८ तासांनी ती पुन्हा व्हायला हवी, आणि तुरुंगात दाखल करतानाही नोंद होते. या सर्व नोंदींच्या प्रती मागाव्यात. मी पाहिलेल्या एका प्रकरणात अटकेच्या दिवशीच्या अहवालात ‘कोई ताजी चोट नहीं’ अशी एकच ओळ होती, आणि चार दिवसांनंतरच्या तुरुंगातील नोंदीत दोन्ही तळपायांवर सूज व निळसर वळ लिहिलेले होते. ही दोन पाने शेजारी ठेवल्यावर मधले चार दिवस तो माणूस कोणाच्या ताब्यात होता, हे वेगळे सांगावे लागले नाही. ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष, जपावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे; म्हणून ते राखून ठेवण्याचा लेखी अर्ज अटकेनंतर लगेच द्यावा, निकालाची वाट पाहू नये.

खटला अजून चालू असेल, तर आरोपीच्या जबाबाकडे दुर्लक्ष करू नका. न्यायाधीश प्रश्न विचारतात आणि आरोपी ‘झूठा फँसाया है’ एवढे बोलून थांबतो. मारहाणीची तारीख, जागा आणि पद्धत तिथे नोंदवली गेली नाही, तर अपिलात तो मुद्दा नंतर सुचलेला वाटतो.

गाजलेला प्रत्येक निकाल अर्जात जोडणे हीदेखील चूक आहे. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कबुलीजबाब नाकारून बारा जणांची शिक्षा रद्द केली खरी, पण तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच सांगितले.

मानवाधिकार आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार जरूर करावी, परंतु आयोग शिक्षा रद्द करू शकत नाही. शिक्षेत सूट मिळाली तरी दोष पुसला जात नाही. शिवाय अपील चालू असताना घाईघाईने लिहिलेल्या दयेच्या अर्जात ‘चूक झाली, माफ करा’ असे वाक्य येऊ देऊ नये.

सत्र न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली असेल, तर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. ती उलटली म्हणून हताश होऊन घरी बसू नये. उशीर माफ करण्याचा अर्ज सकारण करता येतो, आणि तुरुंगातील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. अपिलाबरोबर शिक्षा स्थगितीची मागणीही करावी, कारण सुनावणीला वर्षे लागतात. महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा जणांपैकी तिघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केली होती आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून त्यांनाही फाशी दिली होती. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले, तोवर त्यांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

त्या आईंना आम्ही प्रथम निकालाच्या प्रतीसाठी अर्ज लिहून दिला. अठ्ठावीस पानांचा तो निकाल हाती आल्यावर एकोणिसाव्या पानावर मेमोरेंडमची वेळ सापडली. ती अटकेच्या वेळेच्या चाळीस मिनिटे आधीची होती.